दहापर्यंत थांबायचं

शाळेत दोन खोल्यांना कायम कुलूप असे. एक मुलींचं स्वच्छतागृह, दुसरा पॉडकास्ट कक्ष. दोन्हींच्या किल्ल्या एकाच जुडग्यात होत्या, जुडगा मुख्याध्यापक रामप्रसाद सरांच्या कमरेला होता, आणि दोन्ही कुलपांचं कारणही सर एकच सांगत, "पोरं घाण करतेत."

जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पुढं नऊ किलोमीटरवर, कापसाच्या वावरांच्या मधोमध असलेली ही जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते आठवी. पॉडकास्ट कक्षाचं उद्घाटन दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये नारळ फोडून झालं होतं. आत भिंतींना करड्या रंगाचा खाचाखाचांचा फोम, टेबलावर काळा माइक आणि माइकला लाल स्पंजाची टोपी. दारावर फलक होता, 'आमचा आवाज, आमचा अभिमान'. फलकावर चार फोटो होते, त्यातला एकही पोराचा नव्हता. नारळाचं पाणी फोमवर उडालं म्हणून सरांनी त्याच दिवशी कुलूप लावलं. तेव्हापासून कक्ष अगदी नवा होता. तपासणीला आलेला प्रत्येक माणूस म्हणे, "काय मेंटेन ठेवलंय!"

त्यामुळं पॉडकास्ट व्हायचे ते पोषण आहाराच्या कोठीत. तांदळाची पन्नास-पन्नास किलोची पोती भिंतीला लावलेली असत आणि त्या पोत्यांमुळं आवाज घुमत नसे, हा शोध इंग्रजीच्या ज्योत्स्ना खरात मॅडमनी लावला होता. कोठीची किल्ली खिचडी शिजवणाऱ्या दुर्गाबाईंकडं असायची, म्हणजे कोणाकडंच नसायची. ती दाराच्या खिळ्याला टांगलेली असे.

"बोला बाई, काय बोलायचं ते बोला," दुर्गाबाई वाटाणे निवडता निवडता म्हणत. "तांदूळ काय कोनाची चुगली करत न्हाई."

परिपत्रक आलं होतं. विद्यार्थ्यांचं इंग्रजी संभाषणकौशल्य वाढावं म्हणून प्रत्येक शाळेनं विद्यार्थ्यांनीच बनवलेले दहा पॉडकास्ट शुक्रवारपर्यंत पाठवावेत. परिपत्रक गुरुवारी आलं. बाकीच्या शाळा धावपळ करू लागल्या. ज्योत्स्ना मात्र परिपत्रकाच्या आधी दोन वर्षं हेच काम करत होती, आणि ही तिची पहिली चूक. कोणी न सांगता केलेल्या कामाला रकाना नसतो.

तिचे नियम तीनच होते. कागदावर बघून वाचायचं नाही. चुकलं तरी कापायचं नाही. आणि अडलं, शब्द सापडेना, की पुढ्यातल्या तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर दोनदा वाजवायचं, टक-टक. तो डबा वाजला की कोठीत कोणीही शब्द पुरवायचा नाही. मॅडमनीसुद्धा नाही. सगळ्यांनी एकेक बोट मिटत मनात दहापर्यंत मोजायचं. दहाच्या आत शब्द सापडतो. नाहीच सापडला तर मराठीत बोलायचं आणि पुढं जायचं. ती टक-टक आणि नंतरची शांतता रेकॉर्डिंगमध्ये तशीच राहायची.

शब्द न पुरवण्याचा नियम ज्योत्स्नाने पुस्तकातून घेतला नव्हता. वीस वर्षांपूर्वी एका खाजगी संस्थेत ती नोकरीच्या मुलाखतीला गेली होती. इंग्रजीत उत्तर देताना मध्येच तिचा शब्द अडला. टेबलापलीकडच्या एका गृहस्थांनी हसून त्यांच्याजवळचा शब्द पुढं केला, "कॉन्फिडन्स?" तिला दुसराच शब्द हवा होता. तरी तिने मान हलवली. गृहस्थ म्हणाले, "थँक्यू." संपलं. त्या माणसाचा चेहरा आता तिला आठवत नव्हता, पण त्याने दिलेला शब्द अजून दातात अडकलेल्या सालपटासारखा टोचत होता. टपाल खात्यातले तिचे वडील, नागसेन खरात, त्या दिवशी एवढंच म्हणाले होते, "बाई, शब्द तुझा नव्हता तर घेतला कशाला?"

आठवीतल्या बेबीनंदाने सहावीत असताना वर्षभरात इंग्रजीच्या तासाला एकच वाक्य उच्चारलं होतं, "येस मॅडम," आणि तेही हजेरीला. पहिल्या पॉडकास्टला तिने एका मिनिटात डबा पाच वेळा वाजवला. दुर्गाबाई म्हणाल्या, "ही बोलून राह्यली का बँड वाजवून राह्यली?" पोरी फिदीफिदी हसल्या. बेबीनंदाही हसली, मग तिने सहाव्यांदा डबा वाजवला आणि वाक्य पुरं केलं. आठवीपर्यंत ती एका दमात चार-पाच वाक्यं बोलायला लागली होती. डबा आता ती घाबरून वाजवत नव्हती. चालताना माणूस चप्पल नीट करायला थांबतो तशी थांबायची.

तिचे वडील कडूबा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर होते, आई सुरेखा बियाण्याच्या प्लॉटवर कपाशीच्या फुलांचं क्रॉसिंग, म्हणजे हाताने परागीकरण, करायला जायची. घर वस्तीवर, शाळेपासून अडीच किलोमीटर. आई रोज सकाळी तिला लिटरभर पाण्याची बाटली भरून द्यायची. ती बाटली रोज संध्याकाळी भरलेलीच परत निघायची, आणि आई रागावू नये म्हणून बेबीनंदा ती फाट्यावरच्या कडुनिंबाला ओतायची. उन्हाळ्यात त्या रस्त्यावर तेवढं एकच झाड हिरवंगार होतं. येणारे-जाणारे म्हणायचे, जमिनीत झरा असेल.

परिपत्रकातल्या दहा विषयांपैकी 'माय स्कूल' हा विषय चिठ्ठीत बेबीनंदाला आला. ती पोत्याला टेकून बसली. ज्योत्स्नाने मोबाइल सुरू केला.

शाळा, मैदान, खिचडी, दुर्गाबाईंचा स्वभाव असं सगळं सांगून झाल्यावर बेबीनंदा म्हणाली, "अवर स्कूल हॅज वन टॉयलेट फॉर गर्ल्स. इट हॅज..."

टक-टक.

पोरींची बोटं मिटू लागली. एक, दोन, तीन. बाहेर कुठंतरी कोंबडा आरवला. सहा, सात.

"इट हॅज लॉक," बेबीनंदा म्हणाली. "की इज विथ सर. मॉर्निंग टेन टू इव्हनिंग फाइव्ह, आय डू नॉट ड्रिंक वॉटर. माय बॉटल इज ऑलवेज फुल. देअर इज वन नीम ट्री ऑन रोड. ही ड्रिंक्स."

पोरी एकमेकींकडं न बघता आपापल्या नखांकडं बघत होत्या.

"काय म्हनली?" दुर्गाबाईंनी विचारलं. एका पोरीने मराठीत सांगितलं. दुर्गाबाईंनी ताटातला एक खडा उचलून बाहेर फेकला. "बराबर म्हनली."

ज्योत्स्नाचे कान तापले. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप आहे हे तिला माहीत नव्हतं असं नाही. तिने सरांना दोनदा सांगितलं होतं. सर दोनदा म्हणाले होते, "बघू." शिक्षकांचं वेगळं होतं आणि त्याची किल्ली तिच्या पर्समध्ये होती. दिवसातून दोनदा ती त्या किल्लीने ते दार उघडत होती, आणि आपण सरांना दोनदा सांगितलं आहे, हे तिला आजपर्यंत पुरेसं वाटत होतं. बेबीनंदाची बाटली रोज तिच्या डोळ्यांसमोर बाकावर उभी असायची. इंग्रजीच्या बाईला ती वाचता आली नव्हती.

फाइल तिने सरांना पाठवली. दुसऱ्या दिवशी विचारलं, "सर, ऐकलं का?"

"फाइल आली. साईज बराबर हाय," सर म्हणाले.

"कुलपाचं बोलली आहे ती."

"मी सगळ्या फायली प्रेमकडं देल्या. जरा फिनिशिंग करून देतो म्हनला." प्रेम म्हणजे सरांचा मुलगा, संभाजीनगरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. "मॅडम, ते जाऊ द्या. हे दहा फॉर्म, सह्या करा जल्दी. लिंक बंद होऊन राह्यली."

फॉर्मवर छापलं होतं, 'सदर आवाज विद्यार्थ्याचाच असल्याची मी स्वतः ऐकून खात्री केली आहे.' दारात सातवीची पोरं ताटं वाजवत उभी होती, खिचडीची गिनती द्यायची होती, सरांनी पेनाचं टोपणसुद्धा काढून दिलं. ज्योत्स्नाने दहा सह्या केल्या. शब्द तिचे नव्हते. तिने घेतले.

पुढच्या आठवड्यात जिल्ह्याच्या ग्रुपवर नवा आदेश पडला. पॉडकास्ट नुसते बनवून भागत नाही, ते ऐकलेही गेले पाहिजेत, सबब प्रत्येक शिक्षकाने प्रत्येकी पन्नास वेळा ऐकून स्क्रीनशॉट टाकावा. शिक्षक कामाला लागले. फोन चार्जिंगला लावून, आवाज बंद करून, पॉडकास्ट चालू ठेवून लोक शेतात गेले, लग्नांना गेले, झोपले. आपण तर समोर बसून ऐकलंय, म्हणून ज्योत्स्नानेही आवाज बंदच ठेवला. बेबीनंदाचा पॉडकास्ट नऊ दिवसांत एकतीस हजार वेळा ऐकला गेला आणि कोणीच ऐकला नाही.

त्याला जिल्ह्यात पहिलं बक्षीस मिळालं.

सरांनी पेढे वाटले. ज्योत्स्नाला क्षणभर वाटलं, आता कुलूप जाणार. एवढ्या हजार कानांवरून ते वाक्य गेलं, कोणाच्या तरी कानात शिरलं असेलच. त्या दिवशी घरी जाताना ती कडुनिंबापाशी स्कूटी थांबवून उगाच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच बेबीनंदा तिच्या आईचा काच फुटलेला फोन घेऊन उभी होती.

"म्याडम, ही कोन पोरगी हाय?"

"कोण?"

"ही. माझ्या नावानं बोलून राह्यली ती." तिने फोन ज्योत्स्नाच्या कानाला लावला.

विमानात पट्टा बांधायला सांगणाऱ्या बाईला तेरा वर्षांची केल्यावर निघेल तसा तो आवाज होता. गुळगुळीत, हसरा, कुठंही न अडणारा. मागं पियानो वाजत होता. टक-टक नव्हती. कोंबडा नव्हता. आणि तो आवाज म्हणाला, आमच्या शाळेत मुलींसाठी एक स्वच्छतागृह आहे, इट इज ऑलवेज क्लीन. आम्ही भरपूर पाणी पितो. थँक्यू, रिस्पेक्टेड सर.

"आई म्हने लई भारी बोलली गं माझी बाय," बेबीनंदा म्हणाली. "तिनं सगळ्या प्लॉटवरच्या बायांला ऐकवलं. मंग मी काय सांगू तिला? हे मी न्हाई म्हनून?"

ज्योत्स्नाने फोन हातात घेतला. बोलली असती तर शिवी निघाली असती, आणि त्या भाषेचा तास शाळेत नव्हता. ती तशीच कार्यालयात गेली.

रामप्रसाद सर फुलदाणीत प्लास्टिकची फुलं रचत होते.

"सर, हा आवाज कुणाचा?"

"बेबीनंदाचाच. जरा सुधारलेला. प्रेमनं काम्प्युटरमधून काढला. फुकटात करून देला बरं का, बाहेर खर्चा केवढा येतो माहीत हाय?"

"आणि वाक्यं? तिच्या तोंडात दुसरीच वाक्यं घातली तुम्ही."

"मॅडम, चांगलीच घातली ना? शिव्या तर न्हाई घातल्या."

"तिनं सांगितलं होतं, कुलूप आहे."

"त्यात चुका होत्या. तुम्ही इंग्रजीच्या, तुमालाच कळायला पाह्यजे. तसं पाठवलं असतं तर इज्जत कोनाची गेली असती? तुमचीच."

"मग कुलूप काढा सर. काढलंत तर निदान वाक्य खरं होईल."

सरांनी एक निळं फूल मागं, एक पिवळं पुढं केलं. लांब होऊन बघितलं. "असं बघा. कुलूप काढलं की पोरी वापरनार. वापरलं की घान होनार. घान झाली की 'ऑलवेज क्लीन' खोटं पडनार. आन् बक्षीस तर त्याच वाक्याला हाय. मंग आता मी काय करू, तुम्हीच सांगा."

ज्योत्स्नाने या युक्तिवादात भोक शोधलं. सापडलं नाही. तो चहूबाजूंनी बंद होता, बाहेरून कुलूप लावल्यासारखा.

"मी वर कळवणार आहे."

"कळवा की. बिलकुल कळवा. माझ्यामार्फत द्या, मी पुढं पाठवतो." सर पहिल्यांदा फुलांवरून नजर काढून हसले. "फक्त एक. स्वतः ऐकून खात्री केली म्हनून सही कोनाची हाय त्याच्यावर?"

तिने अर्ज लिहिला. मार्फत दिला. तो सरांच्या खणात गेला आणि तिथं तो योग्य मार्गाने पडून राहिला.

बक्षीस समारंभ जालन्यात, एका मोठ्या सभागृहात होता. मुंबईहून शिक्षण खात्यातल्या मोठ्या मॅडम येणार होत्या. सरांनी ज्योत्स्नाकडं छापील कागद दिला. पॉडकास्टमधली चार वाक्यं. "कोनी म्हनलं तर पोरीनं स्टेजवर हे बोलायला पाह्यजे. पाठ करून घ्या. डबा-बिबा काय नको तिथं."

कोठीत ज्योत्स्नाने तो कागद बेबीनंदाच्या हातात दिला नाही, घडी घालून पोत्याखाली सारला.

"तू फक्त बक्षीस घ्यायचं," ती म्हणाली. "मार्गदर्शक म्हणून मला दोन शब्द बोलायला मिळतील. मी सांगते काय झालं ते. माझी सही आहे, मीच सांगायला पाहिजे."

बेबीनंदा पोत्याच्या सुतळीशी चाळा करत राहिली. "तुमी सांगितल्यावर ते तुमचं होईन ना म्याडम. माझं ऱ्हाऊनच जाईन."

"तू लहान आहेस. तुला त्रास देतील."

"आता काय देऊन राह्यले मंग?"

 

समारंभाला शाळेतून बेबीनंदाखेरीज बारा पोरी नेल्या. दुर्गाबाई टाळ्यांना माणूस कमी पडू नये म्हणून आल्या. दीप लागला. शाली झाल्या. कोणाचं स्वागत कोणी करावं यावर पंधरा मिनिटं स्वागत झालं. मार्गदर्शक शिक्षकांना एकेक गुलाबाचं फूल मिळालं. ज्योत्स्ना फूल घेऊन माइककडं वळली तेवढ्यात निवेदकाने गोड आवाजात जाहीर केलं की वेळेअभावी शिक्षकांची मनोगतं रद्द करण्यात येत आहेत, शिक्षकांच्या भावना सर्वांपर्यंत पोचल्याच आहेत. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. ज्योत्स्ना आपल्या पोचलेल्या भावना घेऊन स्टेजच्या कडेच्या खुर्चीवर बसली. गुलाबाचा देठ तिच्या मुठीत मोडला.

मग पॉडकास्ट वाजवला. पियानो, गुळगुळीत पोरगी, ऑलवेज क्लीन. बेबीनंदा स्टेजवर हात मागं बांधून उभी होती आणि तिच्या नावाचा आवाज छतावरून पडत होता. लोक तिच्याकडं कौतुकाने बघत होते. ती समोर बघत होती, घामेघूम.

मुंबईच्या मॅडम पुढं झुकल्या. "फारच सुंदर. मला हिला प्रत्यक्ष ऐकायचंय. बोल बाळा, तुझ्या शाळेबद्दल सांग."

मॅडमना खरोखरच ऐकायचं होतं. त्या दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेत नसलेली तेवढीच एक गोष्ट होती.

रामप्रसाद सर पहिल्या रांगेतून बेबीनंदाकडं बघून ओठ हलवू लागले. निवेदकाने माइक खाली केला. बेबीनंदा पुढं आली. ज्योत्स्नाला उठून तिला मागं ओढावंसं वाटलं, पण उठवेना.

"माय नेम इज बेबीनंदा," ती म्हणाली. तिचा आवाज जाड होता, किंचित घोगरा. मघाच्या आवाजाशी त्याचं दूरचंसुद्धा नातं नव्हतं. सभागृहात चुळबुळ झाली. "अवर स्कूल हॅज वन टॉयलेट फॉर गर्ल्स. इट... इट..."

ती अडली. खरंच अडली होती की नाही, हे ज्योत्स्नाला पुढंही कधी कळलं नाही. बेबीनंदाने उजवा हात पुढं केला आणि लाकडी पोडियमवर वाजवलं.

टक-टक.

"ऑलवेज," रामप्रसाद सर खालून कुजबुजले. मग जरा मोठ्याने, "ऑलवेज क्लीन. बोल, बोल. ऑलवेज क्लीन."

निवेदक माइककडं सरकला. "घाबरली आहे आपली चिमुकली, टाळ्यांनी प्रोत्साहन..."

"थांबा."

ज्योत्स्ना उभी होती. आपण कधी उठलो ते तिला कळलं नव्हतं. आवाज मात्र तिच्या ओळखीचा होता. आठवीच्या वर्गाला एका दमात गप्प करणारा. "सर, खाली बसा. शब्द पुरवायचा नाही. नियम आहे. दहापर्यंत थांबायचं."

"मॅडम, हे काय..."

"दहापर्यंत."

मागच्या सोळाव्या रांगेत बारा पोरींनी हात वर केले होते आणि एकेक बोट मिटत होतं. दुर्गाबाईंचंही. तीन. चार. एवढ्या मोठ्या सभागृहात पंख्यांची घरघर पहिल्यांदाच ऐकू आली. पाच. एक साहेब खोकले आणि आपण खोकलो म्हणून ओशाळले. मुंबईच्या मॅडम हनुवटीला हात लावून बघत होत्या. सहा. रामप्रसाद सर अर्धे उभे, अर्धे बसलेले. सात. ज्योत्स्नाला राग होता, मुलाखतीतल्या त्या गृहस्थांचा, सरांचा, सगळ्यात जास्त त्या दहा सह्यांचा. तरी तिने ओठ घट्ट मिटून ठेवले. आठ.

"इट हॅज लॉक," बेबीनंदा म्हणाली. "की इज विथ सर. दॅट गर्ल इन मोबाइल ड्रिंक्स वॉटर. आय डू नॉट."

आणि ती माइकपासून बाजूला झाली.

सभागृहाने कडाडून टाळ्या वाजवल्या. इंग्रजी थांबलं की टाळ्या वाजवायच्या, एवढं सगळ्यांना माहीत होतं. कळलं ते फक्त पुढच्या दोन रांगांना, आणि त्या वाजवत नव्हत्या.

"किल्ली कुठंय?" मुंबईच्या मॅडमनी मराठीत विचारलं.

रामप्रसाद सरांचा हात आपोआप कमरेला गेला. जुडगा खुळखुळला. माइक चालू होता.

"ही... ही गाडीची हाय, मॅडम," सर म्हणाले.

"सरांकडं तं सायकलबी न्हाई!" मागून दुर्गाबाई ओरडल्या.

निवेदकाने जेवणाची घोषणा केली.

सोमवारी मुलींच्या स्वच्छतागृहाचं कुलूप निघालं. आत फोमचे उरलेले तुकडे, दोन मोडकी बाकं आणि 'स्वच्छ शाळा, सुंदर शाळा' असे रंगवलेले सहा फलक होते. नळाला पाणी नव्हतं आणि दाराला आतून कडी नव्हती. दुर्गाबाईंनी दोन बादल्या भरून ठेवल्या. पोरी जोडीने जाऊ लागल्या, एक आत, एक बाहेर दार धरून. बेबीनंदाने मधल्या सुट्टीत बाटली तोंडाला लावली ती अर्धी झाल्यावरच खाली ठेवली. मग तिने झाकण लावलं, उरलेलं पाणी कडुनिंबासाठी.

सरांना कोणी काही विचारल्याचं कानावर आलं नाही. बक्षिसाची ढाल पॉडकास्ट कक्षात ठेवून त्यांनी कक्षाला कुलूप लावलं. नोटीस आली ती ज्योत्स्नाला. स्वतः न ऐकता खोटं प्रमाणपत्र दिलं, विद्यार्थिनीची पुरेशी तयारी करून घेतली नाही आणि मान्यवरांसमोर मुख्याध्यापकांना खाली बसवलं, याचा खुलासा सात दिवसांत सादर करावा. मार्फत नको होता, स्वतः येऊन द्यायचा होता.

तिने खुलासा एका पानाचा लिहिला. सही माझी आहे. न ऐकता केली. चूक कबूल. तयारीबद्दल विचाराल तर दोन वर्षं करून घेतली. सोबत विद्यार्थिनीचं मूळ रेकॉर्डिंग जोडलं आहे, ते न कापता, आवाज चालू ठेवून ऐकावं.

जालन्याच्या कार्यालयात आवकच्या टेबलावर कल्याण नावाचा लिपिक होता. त्याने पान वाचलं नाही, पानं मोजली. एक. मग पेन ड्राइव्ह दोन बोटांत धरून उलटसुलट करून बघितला.

"हे काय हाय मॅडम?"

"खुलाशाचा भाग आहे. चार मिनिटांचं आहे. ऐकावं लागेल."

"हे रजिस्टरला कसं चढवू मी? कागद द्या, शिक्का मारतो. ऐकायची सोय न्हाई आपल्याकडं."

"तुमच्यासमोर कॉम्प्युटर आहे."

"हाय, पन त्याला स्पीकर न्हाई. मागणी केलेली हाय." त्याने पेन ड्राइव्ह तिच्याकडं सरकवला आणि तिच्या खांद्यावरून पलीकडं बघितलं. "चला, मागं लाईन हाय. तुमचं असं करा, मॅडम, एका ओळीत लिहून द्या की..."

तो वाक्य पुरवू लागला. ज्योत्स्नाने पेन ड्राइव्ह उचलला नाही. तिने हात पुढं करून त्याच्या पत्र्याच्या टेबलावर वाजवलं.

टक-टक.

"काय?" कल्याणने विचारलं.

मागच्या रांगेतलं कोणीतरी चुकचुकलं. ज्योत्स्नाने हात वर धरला आणि करंगळी मिटली.